दवाखान्याचं काउंटर लावताना: आधी नंबर कोणाचा ते विचारा

नवीन ओपीडी सुरू करायची म्हटलं की सगळे बोर्ड, खुर्च्या, कूलर आणि उद्घाटनाचा मुहूर्त यांच्या मागे लागतात. ते होतंच. पेन, शिक्के, पावतीपुस्तक, सुटे पैसे यावर मी शब्द खर्च करत नाही. काउंटरवर बसणाऱ्याला कायद्यातलं काय माहीत पाहिजे आणि कुठले कागद हाताशी पाहिजेत तेवढंच लिहितेय. गेल्या वेळी ही तयारी माझ्याकडे होती आणि तिच्यात एक रकाना राहून गेला.

तो रकाना आधी. केसपेपरवर नाव, वय, पत्ता, मोबाईल असतंच. मोबाईलच्या खाली आणखी एक ओळ छापून घ्या: हा नंबर कोणाचा, आणि त्यावर काय सांगितलेलं चालेल? आपल्याकडे सोलापुरात पूर्व भागातला यंत्रमाग कामगार बिनदिक्कत कारखानदाराचा नंबर देतो. विडी वळणारी बाई शेजारणीचा देते, नवी सून नवऱ्याचा नाहीतर थेट सासऱ्यांचा. कर्नाटकातल्या इंडीकडून आलेले आजोबा ज्या जीपमधून आले तिच्या ड्रायव्हरचा देऊन मोकळे होतात. ‘रिपोर्ट आलाय, टीबी निघालाय, उद्या घेऊन जा’ हा आमचा फोन असाच मालकाकडे गेला. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला कामावर घेतलं नाही. नंबर त्यानेच दिला होता, हे खरं. कोणाचा ते मात्र आम्ही विचारलं नव्हतं.

टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं खाजगी दवाखान्यालाही 2012 पासून बंधनकारक आहे. म्हणजे महापालिकेच्या क्षयरोग विभागाला कळवायचंच, त्यात गोपनीयता मोडत नाही. मालकाला कळवायचा मात्र काडीचा अधिकार नाही. कायदा कोणाला सांगायला लावतो आणि कोणाला सांगू देत नाही, एवढं काउंटरवरच्या माणसाला पाठ असलं तरी निम्मं काम झालं.

मग कायद्यांची फाईल. जाडजूड पुस्तकं नकोत, ती कोणी उघडत नाही. एकेका कायद्याचा एकेक कागद, मराठीत, ठळक अक्षरांत.

सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटीचा, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याचा, कागद सगळ्यात वर. गर्भलिंग सांगितलं जात नाही हा फलक इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, आणि कायद्याची प्रत जागेवर. एफ फॉर्म म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद, त्यातला एकही रकाना कोरा सोडू नका. ‘ती कारकुनी चूक होती’ ही सबब सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये मोडीत काढली आहे, आणि फॉर्म भरणारे हात बहुतेक वेळा काउंटरवरचेच असतात. लिंग मला नको कळायला, हे गरोदर बाईचं सहीचं निवेदन तपासणीच्या आधी घ्यायचं. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत गेला पाहिजे. आणि थट्टासुद्धा नको. ‘काय मामा, पेढे की बर्फी?’ असं बाळंतपणाआधी काउंटरवरून कोणी बोललं तर त्याला आत बोलावून समज द्या. शब्दांनी, खुणेने किंवा कोणत्याही रीतीने सांगणं गुन्हा आहे आणि ते बंधन फक्त डॉक्टरांवर नाही.

गर्भपाताचा कागद वेगळा. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, तरी आपल्याकडे सवयीने मागितली जाते. ती सवय मोडा. तिचं नाव अधिकार नसलेल्याला कळू देणं 2021 च्या दुरुस्तीनंतर थेट शिक्षेचा विषय आहे. प्रवेश नोंदवही गुप्त, प्रमुखांच्या ताब्यात, कुलपात. काउंटरच्या ड्रॉवरमध्ये नाही. आणि या बाईला फॉलोअपसाठी फोन कोणत्या नंबरवर? परत तेच. नंबर कोणाचा?

गरोदर मुलीचं वय अठराच्या आत वाटलं तर गळ्यातलं मंगळसूत्र बघून अंदाज बांधू नका, जन्मतारखेचा कागद बघा आणि ताबडतोब डॉक्टरांना सांगा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याखाली माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. ती कशी द्यायची ते डॉक्टर बघतील. ‘घरातलंच आहे, मिटवून टाका’ हा सल्ला तुमच्या तोंडून जाता कामा नये.

एचआयव्हीसाठी 2017 चा कायदा आहे. विश्वासाने कळलेली ही गोष्ट संबंधिताच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ शकत नाही. त्यामुळे केसपेपरवर लाल शाईची खूण, कोपऱ्यातली चांदणी, मावशींना केलेली डोळ्याची खूण, सगळं बंद. काळजी सगळ्याच रुग्णांच्या बाबतीत सारखी घ्यायची असते, त्यासाठी खूण लागतच नाही.

आता भाषा. सोलापुरात मराठीवर भागत नाही, हे बाहेरून आलेल्या डॉक्टरांना सांगावं लागतं. संमतीपत्र मराठीत छापलंय आणि समोरच्या अव्वांना फक्त कन्नड कळतं, तर त्यांच्या अंगठ्याला अर्थ काय राहिला? कन्नड, तेलुगू, हिंदी, तिन्हींतली छापील प्रत ठेवा. समजावून सांगणं डॉक्टरांचं काम आहे, काउंटरचं नाही. ‘इथं सही करा, पुढं जा’ म्हणजे संमती नव्हे. दुभाष्या म्हणून रांगेतला कोणीही पकडायचा नाही. शेजारच्या बाकावरची बाई तेलुगू जाणते म्हणून तिला बोलावलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलंच. स्टाफमधलं एक माणूस कन्नडचं, एक तेलुगूचं ठरवा आणि दोघांची सुट्टी एका दिवशी येऊ देऊ नका. निदान एवढं प्रत्येकाने पाठ करा: ‘नंबर यारदु?’ आणि ‘नंबर एवरिदी?’ हो, परत नंबर. वैताग आला तरी चालेल, पण विचारा.

आणि विचारायचं ते रुग्णाला, हळू आवाजात, जमल्यास एकट्याला. बाजूला उभ्या नातेवाइकाने परस्पर उत्तर दिलं तर ते उत्तर धरू नका. काउंटर आणि पहिली खुर्ची यांत थोडं अंतर ठेवा. ‘कसला त्रास आहे?’ हा प्रश्न सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडून विचारायची आपली जुनी खोड आहे.

फोन करताना स्वतःचं नाव सांगा, रुग्णाला बोलवा. दुसऱ्या कोणी उचलला तर ‘परत करते’ म्हणून ठेवा. दवाखान्याचं नावही सांगू नका, कारण त्वचारोग, मनोविकार, प्रसूतिगृह ही नावंच निम्मं सांगून जातात. रिपोर्टचा फोटो स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही. तातडी असली तरी ग्रुपवर नाही, थेट डॉक्टरांना. जुन्या रुग्णांचे नंबर आहेत तसे नव्या कॉम्प्युटरवर चढवलेत? मग तो रकाना तिथेही कोराच असणार. प्रत्येक जुना रुग्ण पहिल्यांदा आला की विचारून भरून घ्या. मालकाकडे गेलेला आमचा तो फोन नव्या केसपेपरवरून नव्हता, जुन्या यादीवरून होता.

अपघाताचा रुग्ण आला, आणि हैदराबाद रोडवरून येतातच, तर आधी उपचार, मग कागद, मग पैसे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1989 च्या परमानंद कटारा निकालापासून हे पक्कं आहे. ज्याने आणून सोडलं त्याच्यावर नाव-पत्त्याची सक्ती करायची नाही. बलात्कार किंवा अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडितेवर उपचार मोफत आणि लगेच, खाजगी दवाखान्यातही, आणि पोलिसांना खबर. तपासासाठी हवालदार आले तर चहा द्या, कागद नाही. लेखी पत्र, आवक नोंद, डॉक्टरांची सही, मग प्रत. मोबाईलने फोटो काढू देऊ नका.

रुग्णाने स्वतःचे कागद मागितले तर 72 तासांत द्यायचे. ‘साहेब गावाला गेलेत’ चालत नाही. भरती रुग्णांचे कागद निदान 3 वर्षं, सोनोग्राफीचे 2, गर्भपाताची नोंदवही 5. कोर्टात काही चालू असेल तर निकालापर्यंत हात लावायचा नाही.

खाटा असतील तर दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात. बिलापायी मृतदेह अडवायचा नाही, कधीच नाही. मागच्या तारखेचं सर्टिफिकेट मागायला ओळखीचेच लोक येतात. नाही म्हणा, नाहीच जमलं तर आत डॉक्टरांकडे पाठवा. लॅबवाल्याचा कट, रिक्षावाल्याचा कट, नको. नातेवाईक अंगावर आले तर दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याचा 2010 चा कायदा आहे, 3 वर्षांपर्यंत शिक्षा, पण आधी मागचं दार आणि चौकीचा नंबर माहीत असू द्या.

बाकी पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा, जेवायला उठताना स्क्रीन बंद. खराब झालेले केसपेपर रद्दीत नाही, फाडून. पाठकोऱ्या कागदांवर पुढच्या रुग्णाची पावती लिहायची काटकसर तर अजिबात नको.