रिसेल फ्लॅट बघताना स्विचबोर्ड उघडून बघा

ठाणे-डोंबिवली पट्ट्यात मी १८ वर्षं इमारत दुरुस्तीची कामं करतो. गेल्या जूनमध्ये आतेबहिणीबरोबर फ्लॅट बघायला गेलो. तिसरा मजला, सगळीकडे ताजा रंग. फॉल्स सीलिंग मात्र फक्त मागच्या बेडरूमला, आणि खिडकी-दरवाजाही तिथलाच तेवढा नवा. इथे मी थांबलो, या खोलीत आधी आग लागून गेली असेल अशी शंका आली. हौसेने घर सजवणारा आधी हॉलला हात घालतो.

मालकांना विचारून मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून बघितला आणि त्या खोलीतल्या स्विचबोर्डचे स्क्रू काढले. प्लेट नवी, भिंतीतली लोखंडी पेटी जुनी. पेटीच्या कोपऱ्यातून बोट फिरवलं तर काळं, तेलकट आलं. धूळ झटकली की जाते, काजळी पुसायला गेलं की आणखी पसरते. बहिणीला बोट दाखवलं, ती गप्पच झाली.

रंगाऱ्याचा ब्रश जिथे पोचत नाही तिथे बघायचं. माळ्याची आतली बाजू, एग्झॉस्टचं भोक, चौकटीची वरची कड. घर शक्यतो पावसाळ्यात बघा आणि खिडक्या उघडायच्या आधी आत जा. दमट हवेत मुरलेला जळका वास वर येतो.

पण काजळी धुता येते. खरी काळजी स्लॅबची. काँक्रीट साधारण ३०० अंशांपुढे तापलं की त्याची ताकद घटू लागते आणि थंड झाल्यावर ती परत येत नाही. सीलिंगमधला एक दिवा खाली ओढून मी टॉर्च मारला. खिडकीजवळ गिलावा गळालेला, स्लॅबमधले दोन लोखंडी गज उघडे. काठीने ठोकत गेलो. चांगला स्लॅब खणखणीत वाजतो, तिथे बद्द आवाज येत होता. बीमही असेच ठोकून बघा. एखादाच बीम बाकीच्यांपेक्षा जाड दिसला तर जॅकेटिंग, म्हणजे मजबुतीसाठी बीमभोवती नवं काँक्रीट, का केलं ते विचारा.

लोक एक गोष्ट हमखास विसरतात. तुमची फरशी ज्या स्लॅबवर आहे, तोच खालच्यांचं छत असतो. आग खालच्या फ्लॅटमध्ये लागली असेल तरी भाजलेला स्लॅब तुमच्या पायाखाली येतो. म्हणून खालच्या मजल्यावर बेल वाजवाच. वॉचमन, इस्त्रीवाला यांनाही विचारा, त्यांच्या सहसा लक्षात असतं. सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त आणि स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल, मागा. आगीचा बंब आला असेल तर अग्निशमन दलाकडे नोंद असते, मालकाला त्याचा दाखला काढायला सांगा.

आमच्या मालकांनी शेवटी सांगितलं, तीन वर्षांपूर्वी इन्व्हर्टरच्या बॅटरीने पेट घेतला होता. आग लागून गेली म्हणून घर टाकाऊ होत नाही, हे मी बहिणीला तिथेच सांगितलं. पण टोकन देऊ दिलं नाही. आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी करून घेतली, यात स्लॅब न फोडता काँक्रीट किती पक्कं आहे ते कळतं. खिडकीजवळचा भाग कमजोर निघाला, बाकी स्लॅब ठीक. मालकांनी स्वतःच्या खर्चाने टेकू लावून सैल काँक्रीट काढलं, गज साफ केले, मायक्रो काँक्रीट (दुरुस्तीसाठीचं बारीक खडीचं काँक्रीट) भरलं. गिलावा करायच्या आधी मी प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले. बहिणीने ते करारनाम्याच्या फाइलमध्येच लावून ठेवलेत.