जुन्या शेवरोलेत इंजिन कुठलं ठेवायचं आणि टायमिंग कसं लावायचं

जुनी शेवरोले हातात आली की पहिला प्रश्न इंजिनचाच. आपल्याकडे पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक गाड्यांमध्ये डिझेल इंजिन टाकलंय, त्या सुंदर बोनेटखाली ते बघून खरंच वाईट वाटतं. मूळचं 235 सिक्स (235 घन इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन) जागेवर असेल तर प्लीज काढू नका, 1954 पासूनच्या 235 ला फुल प्रेशर ऑइलिंग आहे, म्हणजे पंप दाबाने बेअरिंगपर्यंत ऑइल पोचवतो, नीट बांधलं तर कात्रजचा घाट आरामात चढतं. व्ही8च (आठ सिलिंडरची) हवी असेल तर शेवरोलेचंच 283 किंवा 350 घन इंचाचं बघा, पण 1954 पर्यंतच्या गाड्यांना टॉर्क ट्यूब (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतची बंद नळी, शाफ्ट तिच्या आत फिरतो) असते त्यामुळे गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल पण बदलावा लागतो, खरा खर्च तिथे. आणि आरसीवर इंजिन नंबर असतो, तेव्हा आधी आरटीओची परवानगी.

आता टायमिंग, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी नेमकी कधी पडते ते, हे 283-350 चं सांगतोय. आधी पॉइंट, म्हणजे डेल्कोतले (प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट. नवीन पॉइंटला गॅप 0.019 इंच, ड्वेल (पॉइंट बंद राहतात तो कोन) मोजायचं मीटर असेल तर 30 डिग्री, आणि हे टायमिंगच्या आधीच करायचं कारण ड्वेल हलला की टायमिंग पण हलतं.

मग इंजिनच्या पुढच्या पुलीवरची टायमिंगची खूण, जी कोणीच तपासत नाही. ही खूण पुलीमागच्या बॅलन्सरवर (इंजिनची थरथर शोषणारं चाक) असते, त्याची बाहेरची रिंग रबरावर बसवलेली असते, रबर म्हातारं झालं की रिंग सरकते आणि खूण खोटं बोलायला लागते. एका मित्राची 350 गरम व्हायची, पिकअप नाही, आम्ही दोन रविवार कार्बोरेटर उघडत बसलो आणि शेवटी खूण जवळपास बोटभर सरकलेली निघाली. म्हणून बॅटरीची वायर काढा, एक नंबरचा प्लग काढून तिथे पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर जाताना अडवणारा बोल्ट) लावा (एक नंबर म्हणजे गाडीत बसल्यावर डाव्या हाताचा सगळ्यात पुढचा), इंजिन हाताने हळू फिरवा, अडलं की इंजिनवरच्या पॉइंटरसमोर (टायमिंग वाचायचा काटा) पुलीवर खडूने रेघ, उलटं फिरवा, अडलं की दुसरी रेघ. दोन्हींच्या बरोब्बर मध्ये खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा). बॅलन्सर 8 इंची असेल तर तिथून फिरण्याच्या दिशेने घेरावर 62 मिमी मोजून पांढरी रेघ मारा, ती टीडीसीच्या आधीची 35 डिग्री.

डेल्कोला येणारा व्हॅक्यूमचा पाइप काढून तोंड बंद करा, टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा, खूण दाखवणारा दिवा) लावा, रेस वाढवत न्या, खूण पुढे सरकायची थांबली (साधारण 3000 आरपीएमला) की 35 ची रेघ पॉइंटरसमोर आणा. डेल्को घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवला की टायमिंग वाढतं. आयडलला मग 8 ते 12 डिग्री यायला हवं, नाही आलं तर डेल्कोतल्या वजनांच्या स्प्रिंग बघा. बोल्ट आवळून परत एकदा लाइट मारा, आवळताना सरकतंच.

पाइप जोडा आणि चार माणसं बसवून कात्रजला न्या, वरच्या गिअरमध्ये चढावर दाबा. पत्र्याच्या डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज आला तर 2 डिग्री मागे घ्या आणि परत तोच चढ चढा.