परदेशातल्या बालरुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जाताय? या चुका टाळा

पहिल्याच आठवड्यात एका सहा वर्षांच्या मुलाने मला खोलीबाहेर काढलं. मी खेळांची पेटी घेऊन दारात उभी होते. त्याने मान हलवून 'नाही' म्हटलं. तरी मी आत गेले, पेटी उघडली आणि एकेक खेळ काढून दाखवायला लागले. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि नंतर माझ्याकडे बघितलंच नाही. दुपारी आमच्या समन्वयक बाईंनी मला बाजूला घेतलं. सकाळपासून त्या मुलाला सुई टोचली होती, पट्टी बदलली होती, दोनदा रक्तदाब घेतला होता. यातलं काहीच त्याला विचारून झालं नव्हतं आणि विचारून चालणारही नव्हतं. ज्याला तो 'नाही' म्हणू शकेल असं एकच माणूस सकाळपासून त्याच्या खोलीत आलं होतं, ते म्हणजे मी. आणि मी त्याचं ऐकलं नाही.

पुढे ज्या चुका सांगतेय, त्यातल्या बऱ्याचशा याच चुकीच्या बहिणी आहेत.

निघण्याआधी: कागद आणि लशी

'लहानपणी सगळ्या लशी झाल्यात' हे रुग्णालयाला पुरत नाही. त्यांना नोंद लागते, नाहीतर रक्ततपासणीचा अहवाल. गोवर आणि कांजिण्या या दोन्हींसाठी बहुतेक ठिकाणी दोन डोसांचा पुरावा मागतात आणि त्या दोन डोसांमध्ये किमान ४ आठवड्यांचं अंतर लागतं. म्हणजे तिकीट काढल्यावर लशींचा विचार सुरू केला, तर उशीर झालेला असतो. ही नुसती कागदोपत्री कटकट समजू नका. गोवरचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू २ तासांपर्यंत हवेत राहू शकतात. कांजिण्यांचा माणूस तर अंगावर पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून इतरांना लागण करू शकतो. तुम्हाला ठणठणीत वाटत असताना तुम्ही केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या उशाशी बसलेले असू शकता.

व्हिसाबाबतही असंच. पैसे मिळत नाहीत म्हणून ते काम नाही, असं अनेक देश मानत नाहीत. पर्यटक व्हिसावर जाऊ का, हे ओळखीच्या माणसाला विचारू नका. त्या देशाच्या दूतावासाला विचारा आणि रुग्णालयाकडून कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र घ्या. पोलीस पडताळणीचा दाखला मागितला तर वाईट वाटून घेऊ नका. मुलांमध्ये वावरणाऱ्या प्रत्येकाकडून तो मागणारं रुग्णालय चांगलं. कोणतीही चौकशी न करता थेट वॉर्डात सोडणाऱ्या ठिकाणी जाण्याआधी मी दोनदा विचार करेन.

हात, खेळणी आणि एक बिस्किट

हात धुणं सगळ्यांना येतं असं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे सॅनिटायझरने हात चोळायला २० ते ३० सेकंद लागतात, साबण-पाण्याने सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. घड्याळ लावून बघा, आपण किती लवकर थांबतो ते कळेल. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ घरी ठेवा आणि बाह्या कोपराच्या वर घ्या. मूल जुलाबाने आजारी असेल तर नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका. जुलाबाच्या काही जंतूंवर तो नीट चालत नाही, तिथे साबण आणि पाणीच हवं. हातमोजे घातले म्हणून हात धुवायचे राहिले, हीदेखील नेहमीची चूक.

खेळण्यांमध्ये सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरून प्रेमाने आणलेली मऊ, केसाळ खेळणी. ती पुसून स्वच्छ होत नाहीत, त्यामुळे एकाला दिलं ते त्याचंच झालं. दुसऱ्याच्या हातात जाता कामा नये. प्लास्टिकची खेळणी, पत्ते, गुळगुळीत पानांची पुस्तकं बरी, कारण दोन मुलांच्या मध्ये ती पुसता येतात. खेळायची माती प्रत्येकाला वेगळा गोळा काढून द्यायची आणि नंतर टाकायची. रबरी फुगे नेऊच नका. लेटेक्सची ॲलर्जी असलेली मुलं वॉर्डात असतात आणि फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकतो.

आता बिस्किट. वॉर्डातलं मूल 'भूक लागली' म्हणून तुमच्याकडे बघतं, तुमच्या पिशवीत पुडा असतो आणि हात आपोआप पुढे जातो. पण शस्त्रक्रियेच्या आधी साधारण ६ तास घन पदार्थ पोटात गेलेला चालत नाही, कारण भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. एका बिस्किटाने त्या दिवसाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. मूल पुन्हा उपाशी, आईवडील पुन्हा त्याच काळजीत. त्यामुळे पाण्याचा घोटसुद्धा सिस्टरला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. ती दोन बिछान्यांपलीकडेच असते.

'काही दुखणार नाही' असं म्हणू नका

ही चूक अत्यंत मायेने होते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. ट्रॉली येताना दिसली की मूल तुमचा हात धरतं आणि विचारतं, दुखेल का? 'नाही' म्हणायचा मोह आवरा. दोन मिनिटांनी दुखतं आणि त्या मुलाच्या हिशेबात तुम्हीही खोटं बोलणाऱ्यांत जमा होता. उद्यापासून तुमची खेळांची पेटी दिसली तरी ते सावध होतं. 'शूर मुलं रडत नाहीत' हेही नको. रडणं ही त्या क्षणी त्याच्या ताब्यात असलेली एकमेव गोष्ट असू शकते.

मग काय म्हणायचं? काय होणार आहे ते सांगणं सिस्टरचं आणि डॉक्टरांचं काम. तुम्ही एवढंच विचारा, 'मी इथे थांबू का?' तो नाही म्हणाला तर बाहेर जा. हो म्हणाला तर पर्याय द्या, पण खरे पर्याय: गोष्ट ऐकायची की साबणाचे फुगे उडवायचे, बघायचं की दुसरीकडे तोंड करायचं. 'इंजेक्शन घेऊया का?' हा प्रश्न कधीच विचारू नका. त्याच्या 'नाही'ला काही किंमत नसेल, तर विचारायचंच कशाला? 'उद्या घरी जाशील' हेही तसंच. घरी कधी जायचं ते तुम्हाला माहीत नसतं.

खेळतानाही हेच सूत्र चालतं. मोठ्या माणसांना खेळ 'नीट' खेळायची सवय असते. इथे नियम मुलाला ठरवू द्या. एक मुलगी रोज मलाच पेशंट करायची, खोट्या सिरिंजने टोचायची आणि वर 'हलू नकोस' म्हणून दटावायची. मला वाटलं विषय बदलावा. प्ले स्पेशालिस्टने, म्हणजे आजारी मुलांबरोबर खेळातून काम करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीने सांगितलं, अजिबात बदलू नका, टोचून घ्या आणि खरं वाटेल असं 'आई गं' म्हणा.

शांत मूल म्हणजे बरं असलेलं मूल नव्हे

आई भेटायला आली की मूल भोकाड पसरतं, ती गेली की गप्प होतं. हे बघून नव्या स्वयंसेवकाला वाटतं, आई नसतानाच बरं असतं. पूर्वी रुग्णालयांनाही तसंच वाटायचं आणि भेटीच्या वेळा अगदी तुटपुंज्या असायच्या. १९५२ साली ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन या संशोधकांनी दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातल्या आठ दिवसांवरचा चित्रपट लोकांसमोर आणला, तेव्हा वरून शांत दिसणाऱ्या मुलाच्या आत काय चाललेलं असतं ते लोकांना दिसलं. पुढे १९५९ मध्ये तिथल्या प्लॅट समितीने, म्हणजे रुग्णालयातल्या मुलांच्या हितासाठी नेमलेल्या सरकारी समितीने, आईवडिलांना कोणत्याही वेळी भेटू द्यावं, लहान मुलांच्या आयांना सोबत राहू द्यावं, अशी शिफारस केली. म्हणून आई आली की तुम्ही जागा रिकामी करा, खुर्ची पुढे सरकवा.

आईवडिलांसाठी तुम्ही करू शकता अशी सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे अर्धा तास. तेवढ्यात ते आंघोळ करतात, काही खातात, जिन्यात जाऊन रडतात. 'मी बसते, तुम्ही जाऊन या' हे वाक्य तिथल्या भाषेत पाठ करा. ते रिपोर्टबद्दल विचारतील, कारण तुमच्या अंगावर रुग्णालयाचा बिल्ला असतो. मत देऊ नका, अंदाज तर मुळीच नाही. 'मी सिस्टरना बोलावते' म्हणा आणि खरंच बोलवा.

भाषा येत नाही

वॉर्डापुरते वीस-पंचवीस शब्द पुरतात: पुरे, अजून, तुझी पाळी, पाणी, शू, दुखतंय का, कुठे, आई येतेय, मी पुन्हा येईन. यातला 'पुरे' सगळ्यात आधी शिका, म्हणजे मुलाने म्हटलं की लगेच कळेल. उच्चार चुकले तर मुलांना दुरुस्त करू द्या. अंथरुणावर पडलेल्या मुलाला मोठ्या माणसाला शिकवायची संधी क्वचितच मिळते. मात्र आजाराबद्दलचं काहीही थोरल्या भावंडाकडून भाषांतर करून घेऊ नका. दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडून तिच्या भावाची बातमी तिच्या आईला कळावी, इतकं ओझं तिच्यावर टाकू नये.

फोटो

काढू नका. चेहरा झाकला तरी मनगटावरची पट्टी, खाटेवरचा तक्ता, दुर्मीळ आजाराचं नाव आणि तारीख एवढ्यावरून मूल ओळखता येतं. आणि ज्या आईचं मूल तुमच्या रुग्णालयात आहे, ती तुम्हाला 'नको' म्हणायला कचरते. तिच्या 'हो'वर विसंबू नका.

तुमची तब्येत, तुमच्या संध्याकाळी

उलट्या-जुलाब झाले तर थांबल्यानंतरही ४८ तास वॉर्डात पाऊल टाकू नका. साधी सर्दी असली तरी फोन करून कळवा. 'एवढ्या लांबून आले आणि सुट्टी कशी घेऊ' हा विचार मलाही सतावायचा. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या मुलाला साधा ताप येणं म्हणजे तातडीचा प्रसंग असतो, हे कळल्यावर तो थांबला.

कामाच्या पाळीच्या आधी पोटभर खा. पहिले दोन-तीन दिवस सकाळची पाळी मागू नका, झोपेचं चक्र जाग्यावर आलेलं नसतं. संध्याकाळी घरी फोन कराच, पण मुलाचं नाव, आजार, खोली यातलं काही बोलू नका. तुमच्या मनात काय चाललंय ते बोला.

आणि एखाद्या सकाळी खाट रिकामी दिसेल. मूल घरी गेलं असेल, दुसऱ्या वॉर्डात गेलं असेल किंवा गेलं असेल. व्हरांड्यात कुणाला विचारू नका. शेजारच्या खाटेवरचं मूल ऐकत असतं. समन्वयकांच्या खोलीत जाऊन विचारा आणि जे कळेल ते तिथेच बसून पचवा. मी तसं केलं नाही. सरळ पुढच्या खोलीत गेले आणि हसत खेळायला लागले. तिथल्या पाच वर्षांच्या मुलाने माझ्या गालाला हात लावून विचारलं, 'तुला कुठे टोचलं?' नंतर कळलं की अशा दिवशी पाळी सोडायची मुभा प्रत्येकाला होती. मला फक्त मागायचं सुचलं नव्हतं.

निरोप घेताना

न सांगता निघून जाणं सोपं वाटतं, पण मुलं दुसऱ्या दिवशी दाराकडे बघत बसतात. पहिल्या भेटीतच सांगा किती दिवस आहात. शेवटच्या आठवड्यात कागदावर चौकोन काढा आणि रोज एक चौकोन मुलाला रंगवू द्या. फोन नंबर देऊ नका, 'परत येईन' असं म्हणू नका.

शेवटच्या पाळीला बिल्ला परत करताना पुढच्या स्वयंसेवकासाठी एक चिठ्ठी समन्वयकांकडे ठेवा, प्रत्येक मुलाबद्दल एक-दोन ओळी. माझ्या चिठ्ठीत पहिल्या आठवड्यातल्या त्या मुलाबद्दल असं होतं: 'दारात थांबा. पेटी उघडू नका, नुसती दाखवा. तो बोट करेल तोच खेळ घ्या. बोट केलं नाही, तर दुपारी पुन्हा जा.'