कुळागरात उतरणाऱ्या पिकअपचं नाक चार सेंटिमीटर वर घेताना

आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, केरीच्या वर, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. रस्त्यावरून खाली उतरायला चिऱ्यांची वाट आहे आणि वाटेच्या शेवटी व्हाळ (ओढा). दिवाळीनंतर व्हाळाचं पाणी गुडघ्याखाली येतं, पण पलीकडची दरड काही कमी होत नाही. माझी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस तिथं चढताना दर वेळी पुढचा बंपर मातीत घासायची. मागचं अंग मात्र चांगलं उंच. पिकअप रिकामी असताना मागून उंचच असते, कारण हौद्यात वजन पडलं की मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दबून गाडी सपाट व्हावी अशी तिची मांडणी असते. पुढचं अंग मागच्याच्या जवळ आणायचं, म्हणजे लेव्हलिंग. सगळी गाडी चारी बाजूंनी उचलणं हे वेगळं काम, वेगळा खर्च, आणि माझ्या मते शेतकऱ्याला त्याची गरज नाही.

आधी कायद्याचं सांगतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या 182अ कलमाखाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून किट विकत घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा, आणि विम्याचं उत्तर लेखी घ्या.

2021 मध्ये मी हे काम एका गॅरेजमध्ये करून घेतलं होतं. त्यांनी 50 मिमीचा स्पेसर, म्हणजे पुढच्या स्प्रिंगच्या माथ्यावर बसणारी जाड चकती, घातला. गाडी दिसायला रुबाबदार झाली. तीन महिन्यांत घाटात डाव्या चाकाच्या आतून ग्रीस उडालेलं दिसलं: हाफशाफ्टचा (इंजिनाची ताकद पुढच्या चाकाला नेणाऱ्या दांड्याचा) रबरी बूट फाटला होता. खाली वाकून पाहिलं तर लोअर आर्मचे (चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुशही चिरले होते, आणि दोन्ही टायर आतल्या कडेने खाल्ले गेले होते. सगळं उतरवलं, वाचलं, मोजलं, आणि पुढच्या वर्षी भाच्याला हाताशी घेऊन स्वतः केलं. ते तसंच टिकून आहे.

पहिलं काम मोजण्याचं. सपाट काँक्रीटवर गाडी उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर भरा, आणि चारही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. मग हौद्यात तुमचं नेहमीचं वजन टाका आणि परत मोजा. माझ्या गाडीत रिकामी असताना मागचं अंग पुढच्यापेक्षा 6 सेंटिमीटर जास्त होतं. नारळाची आणि खताची पोती मिळून दोनशे किलो टाकल्यावर फरक 4 राहिला. म्हणजे मला पुढे 4 सेंटिमीटरच हवे होते. सहा उचलले असते तर भरलेल्या गाडीने शेपूट टाकलं असतं, स्टिअरिंग हलकं झालं असतं आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत गेले असते. रिकाम्या गाडीवर मोजून किट मागवणारे इथंच चुकतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अॅब्झॉर्बरच्या जोडीच्या) डोक्यावर बसणाऱ्या स्पेसरची जाडी आणि गाडी उचलली जाण्याची उंची एक नसते. व्ही-क्रॉसला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म, आणि स्ट्रट खालच्या आर्मवर साधारण मध्याच्या आसपास बसतो, चाकाजवळ नाही. आर्म म्हणजे तरफ. स्ट्रट मध्यावर असेल तर वर 20 मिमी घातले की चाकाशी जवळपास 40 मिमी मिळतात. टेप घेऊन स्वतः पाहा: आर्मच्या आतल्या बुशपासून स्ट्रटच्या बोल्टपर्यंत किती, आणि त्याच बुशपासून चाकाकडच्या बॉल जॉइंटपर्यंत किती. दुसऱ्याला पहिल्याने भागा आणि स्पेसरच्या जाडीने गुणा. माझ्या पहिल्या 50 मिमीच्या स्पेसरने गाडी नऊ सेंटिमीटरच्या आसपास उचलली होती! हाफशाफ्टचे सांधे सतत वाकड्या कोनात फिरत होते. शिवाय वरून स्पेसर घातला की शॉक अॅब्झॉर्बर मूळ हिशेबाच्या आधीच तळाला आपटतो, तेही आर्म रबरी स्टॉपला टेकण्यापूर्वी. मूळ आर्म आणि मूळ शाफ्ट ठेवून मी चार सेंटिमीटरच्या पुढे जाणार नाही.

स्पेसर अॅल्युमिनियमचा घेतलात तर अॅनोडाइझ केलेला घ्या. आपल्याकडे हवेत मीठ आणि चार महिने पाऊस, त्यात अॅल्युमिनियमला लोखंड टेकलं की सांध्यात पांढरी भुकटी धरते. मी बसवताना दोन्ही तोंडांना ग्रीसचा पातळ हात दिला. बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले 10.9 ग्रेडचे. गंजत नाहीत म्हणून साधे स्टेनलेस घालू नका, ते या कामाच्या ताकदीचे नसतात.

काम नोव्हेंबर ते मेच्या मध्ये करा. आमच्या लाल मातीत स्टँड रुततो, म्हणून काँक्रीट हवंच. मी मांगराच्या (शेतातल्या खोपटाच्या) पुढच्या सिमेंटच्या तुकड्यावर केलं. आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, सकाळी परत मारलं. लागणारी हत्यारं: ट्रॉली जॅक, दोन भक्कम स्टँड, सॉकेट आणि रिंग पाने, टॉर्क पाना, लांब पहार, आणि गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल. कोणता नट किती न्यूटन-मीटरने आवळायचा हे मॅन्युअलमधूनच घ्या.

चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पाचरी लावा. जॅकने उचलून स्टँड चासीच्या मुख्य पट्ट्यांखाली ठेवा, आर्मखाली नाही. दोन्ही पुढची चाकं काढून गाडीखाली सरकवून ठेवा. स्टँड सरकलाच तर गाडी चाकावर टेकेल, माणसावर नाही.

मग स्टॅबिलायझर बारच्या (दोन्ही पुढच्या आर्मना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंका दोन्ही बाजूंनी सोडा. लिंका जोडलेल्याच ठेवल्या तर एक आर्म दाबताना बार पीळ धरतो आणि आर्म नीट खाली जात नाही. ब्रेकच्या होसचा आणि एबीएसच्या वायरचा क्लॅम्प मोकळा करा, कारण आता आर्म नेहमीपेक्षा जास्त खाली जाणार आहे. आर्मखाली जॅकचा आधार द्या, स्ट्रटचा खालचा मोठा बोल्ट काढा, आणि शेवटी बॉनेट उघडून वरचे तीन नट.

इथं भाचा सॉकेट घेऊन म्हणाला, "मामा, मधला पण काढू?" मी त्याचा हातच धरला. तीन नटांच्या मध्ये जो एक नट असतो, त्याने स्प्रिंग दाबून धरलेली असते. तो सुटला तर स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. त्याला हात लावायचा नाही, ढिलाही करायचा नाही. मी त्यावर लाल चिकटपट्टी लावली, मग पुढचं काम.

स्ट्रट बाहेर आला की त्याच्या माथ्यावर स्पेसर बसवा. स्ट्रटचे मूळ स्टड स्पेसरच्या भोकांतून येतात आणि स्पेसरचे स्वतःचे तीन स्टड गाडीच्या अंगात जातात. आवळून झाल्यावर स्पेसरच्या वरच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून पाहा: मूळ स्टडचं टोक किंवा नट वर डोकावत असेल तर स्पेसर गाडीच्या अंगाला नीट टेकणार नाही, आणि कालांतराने पत्रा चिरेल.

परत घालताना स्ट्रट 20 मिमीने लांब झालेला असतो. वरचे तीन नट हाताने धरवा आणि पहारीने आर्म खाली दाबून खालचा बोल्ट ओवा. एकाने दाबायचं, दुसऱ्याने बोल्ट घालायचा. हे एकट्याने होत नाही. त्या वेळी नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेरच्या बाजूला लोंबू देऊ नका, नाहीतर शाफ्टचा आतला सांधा निसटतो. आम्ही ते दोरीने वरच्या आर्मला बांधलं होतं.

आता ज्या चुकीने माझे बुश गेले ती. आर्मच्या बुशचे बोल्ट आणि स्ट्रटचा खालचा बोल्ट चाक लोंबत असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. बुशचं रबर आतल्या नळीला धरलेलं असतं. लोंबत्या स्थितीत आवळलं की गाडी जमिनीवर आल्यावर ते कायमचं पीळ खाऊन राहतं आणि फाटतं. आर्मचे बोल्ट आधी ढिले करा, चाकं घाला, गाडी खाली उतरवा, चारपाच मीटर पुढे-मागे घ्या, बॉनेटवर दाबून दोनतीनदा हलवा, मग स्वतःच्या उंचीवर उभ्या गाडीखाली झोपून सगळं मॅन्युअलच्या आकड्याने आवळा. स्टॅबिलायझरच्या लिंकाही याच वेळी. प्रत्येक आवळलेल्या नटावर नेलपॉलिशची एक रेघ, नटापासून पत्र्यापर्यंत. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

मागच्या बाजूला मी काहीच उचललं नाही. पाटे बसलेले असतील तर मात्र एक जादा पाटा घालून घ्या. एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळा घालण्यापेक्षा ते चांगलं. खाणपट्ट्यात पाट्यांचं काम जाणणारे हात आहेत. 2018 च्या मार्चमध्ये खाणी बंद पडण्याआधी त्यांनी टिप्परचे पाटे दिवसरात्र केले आहेत. अशा माणसाने हौद्याच्या मापाचा पाटा दिला तर दुसरा शोधू नका.

गाडी हळू चालवत त्याच दिवशी अलाइनमेंटला न्या. उंची बदलली की टो, कॅम्बर, कॅस्टर हे चाकांचे तिन्ही कोन हलतात. आर्मच्या आतल्या बोल्टांना मध्य सोडून भोक असलेले वॉशर असतात, त्यांवर कोन जुळवतात. गोव्याच्या हवेत हे बोल्ट बुशच्या नळीला गंजून चिकटतात, म्हणून वरच्या कामातच ते एकदा फिरवून ग्रीस लावून ठेवा. अलाइनमेंटवाल्याकडून आधीचे आणि नंतरचे आकडे छापून घ्या. मग मोकळ्या जागी स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर कुठे घासतो का, होस ताणला जातो का ते पाहा.

शेवटी दिवे, आणि हे लोक सोडूनच देतात. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस 3,095 मिमी. नाक 40 मिमी वर गेलं की दिव्याचा झोत दर दहा मीटरला सुमारे 13 सेंटिमीटर वर चढतो. डिपचा झोत मुळात दहा मीटरला साधारण 10 सेंटिमीटरच खाली झुकवलेला असतो. म्हणजे तुमचा डिप समोरच्याला अप्परसारखा लागणार. चोर्ला घाटात धुकं असताना, वळणावर दुचाकीवाल्यासमोर असं होऊ देणं बरोबर नाही. काम सुरू करण्याआधी संध्याकाळी गाडी मांगराच्या भिंतीपासून बरोबर दहा मीटरवर उभी करा आणि डिपच्या झोताची वरची कड खडूने आखून ठेवा. काम झाल्यावर त्याच जागी, तेवढ्याच वजनाने उभी करून दिव्यामागच्या स्क्रूने झोत त्या रेघेपर्यंत खाली आणा. गाडीत दिव्यांची उंची बदलायचं बटण असेल तर ते शून्यावर ठेवून हे करा, म्हणजे पोती भरल्यावर झोत खाली घ्यायला बटण शिल्लक राहतं.

शंभर किलोमीटरनंतर सगळे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा आणि रेघा पाहा. पाचशेला अलाइनमेंट परत. पावसाळ्यात दर महिन्याला स्पेसरभोवतीची लाल माती पाण्याने धुऊन काढा, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी, गाडी सामानाने भरायच्या दिवसांत, शाफ्टच्या चारही बुटांवर बोट फिरवून बघा. बोटाला ग्रीस लागलं तर गाडी घाटात नेऊ नका.