पहिला टूल सेट घेताना गोटीच्या आत बघा

आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेडला प्रवेश मिळाला की घरचे पहिल्याच आठवड्यात हत्यारांचे पैसे हातावर ठेवतात. लगेच बाजारात पळू नका. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये प्रॅक्टिकलपुरती हत्यारं असतात. स्वतःचा सेट लागतो तो संध्याकाळी किंवा सुट्टीत एखाद्या गॅरेजात जायला लागल्यावर, आणि पुढे अप्रेंटिसशिपला. म्हणून आधी गॅरेज ठरवा. कळंगुटकडे भाड्याच्या स्कूटर दुरुस्त करणारं गॅरेज, फोंड्यातलं मारुती-ह्युंदाईचं गॅरेज आणि डिचोली-साखळीकडचं ट्रकांचं गॅरेज, तिघांकडे लागणाऱ्या हत्यारांचे आकार वेगळे. ट्रकला २४ मिलिमीटरच्या वरचे जाडजूड पाने लागतात (इथून पुढचे सुटे आकडेही मिलिमीटरचेच). ते मेस्ताचेच, म्हणजे गॅरेजच्या मुख्य मिस्त्रीचेच वापरायचे, विकत घेण्यात पैसे घालवू नका.

दुकानात जाताना खिशात १०, १२ आणि १४ च्या डोक्याचे नवे बोल्ट टाका आणि मोबाईल चार्ज करून न्या, टॉर्चसाठी. दुकानदार पेटी उघडून दाखवेल, चकाकी बघून हात लगेच पुढे जाईल. आधी एक गोटी, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारा सॉकेट, उचला आणि आत टॉर्च मारा. कोन मोजा. सहा पाहिजेत. बारा असतील तर पेटी परत द्या, कितीही स्वस्त असली तरी.

हे मी पहिल्या खरेदीत बघितलं नव्हतं. किती नग, कुठली कंपनी, रॅचेट (गोटी फिरवायचा दांडा) कसा फिरतो, सगळं बघितलं आणि गोटीच्या आत बघायचंच राहिलं. घरी आला तो बारा कोनांचा सेट. सायलेन्सरच्या जोडावरचा गंजलेला बोल्ट खोलताना गोटी सटकली, डोकं गोल झालं, आणि पाच मिनिटांच्या कामासाठी गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून पडली.

कारण समजून घ्या, म्हणजे दुकानात कोणी पटवलं तरी पटणार नाही. सहा कोनांची गोटी बोल्टच्या सपाट बाजूंवर जोर टाकते. बारा कोनांची गोटी बाजूंना सोडून कोपऱ्यांपाशी पकडते. बोल्ट नवा असेल तर दोन्ही चालतात. पण गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच, आणि किनाऱ्याला खारा वारा. वास्को, कांदोळी, काणकोणकडच्या गाडीखाली एकदा झोपून वर बघा: सायलेन्सरचे, सस्पेन्शनचे बोल्ट गंजून फुगलेले असतात, तो गंज झडला की डोक्याचे कोपरे झिजलेले आणि माप बारीक झालेलं. तिथे कोपऱ्यांवर जोर टाकला की कोपरेच जातात. मग छिन्नी, नाहीतर नट वेल्ड करून काढा, नाहीतर ड्रिल. ही कामं शिकाऊ मुलाला कोणी करू देत नाही. तुम्ही बाजूला उभे राहता. दुकानदार सांगेल की अडचणीच्या जागी बारा कोनांची गोटी पटकन बसते. खरं आहे, पण त्या कामाला रिंग पाने (बंद गोल तोंडाचे) आहेत आणि आपल्याकडचे रिंग पाने बहुतेक बारा कोनांचेच असतात. तेव्हा रिंग बाराचे असू देत, गोट्या सहाच्याच. जाम बोल्टला पहिला हात सहा कोनांच्या गोटीने.

मग खिशातले बोल्ट गोटीत घालून हलवून बघा. फार डगडग वाटली तर माप ढिलं आहे. गोटीवर क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा शिक्का आणि आकाराचा आकडा खोल उमटलेला हवा. वर नुसता रंगवलेला आकडा पहिल्याच पावसाळ्यात पुसतो.

आकार. पेटीवर छापलेल्या नगांच्या आकड्याला भुलू नका, त्यात अर्धे स्क्रू ड्रायव्हरचे बिट असतात. मारुती, होंडा, टोयोटा अशा जपानी घराण्याच्या गाड्यांवर १०, १२, १४, १७ हेच सतत लागतात. टाटा-महिंद्राच्या गाड्यांवर १३ हमखास येतो. फोक्सवॅगन-स्कोडावर तारेच्या आकाराचे टॉर्क्स लागतात, ते पुढे घ्या. ८ मात्र आत्ताच घ्या: होंडाच्या दुचाकींच्या इंजिन कव्हरवर ८ च्या डोक्याचे बोल्ट भरपूर असतात, आणि अर्धा इंची सेट (रॅचेटचा गोटीत बसणारा चौक अर्ध्या इंचाचा) बरेचदा १० पासूनच सुरू होतो. स्कूटर-मोटरसायकलचं काम असेल तर थ्री-एटचा सेट घ्या, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर चौकाचा. बारीक जागेत हात जातो. कारचं काम असेल तर अर्धा इंची. दोन्ही एकदम घ्यायचे पैसे नसतात, आणि एक चांगला दोन भिकार सेटपेक्षा बरा. व्हील नटसाठी १९ आणि २१ च्या गोट्या आहेत का बघा. स्पार्क प्लगसाठी १६ आणि २१, आत रबर असलेल्या. या सुट्या घ्याल तेव्हाही आत टॉर्च मारा. सुट्या गोट्यांत सहा आणि बारा एकाच डब्यात मिसळलेल्या असतात.

रॅचेटवर पाइप चढवून जोर लावायचा नाही. आतले दात तुटतात आणि हात बंपरवर आपटतो. जाम बोल्ट फोडायला एल हँडल किंवा सरकता टी हा बिनदात्यांचा दांडा वेगळा असतो, तो पेटीत आहे याची खात्री करा. बोल्ट सैल झाला की मग रॅचेट. दोन मापांची एक्स्टेंशन, म्हणजे गोटी लांब नेणाऱ्या कांड्या, हवीत.

पाने: ६×७ पासून २०×२२ पर्यंतचा डबल एंड (दोन्ही टोकं उघड्या तोंडाची) सेट आणि तसाच रिंग सेट. वर १० चा, १२ चा आणि १४ चा एकेक सुटा पाना जास्त घ्या. बोल्ट एका बाजूने धरायचा आणि नट दुसऱ्या बाजूने फिरवायचा, तर एकाच मापाचे दोन लागतात, आणि सेटमध्ये ते माप एकदाच येतं.

पक्कड, नोज प्लायर, अर्धा किलोची हातोडी, ॲलन की: घ्याच. सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढायचा प्लायर थांबू शकतो.

स्क्रू ड्रायव्हरवर पैसे वाचवू नका. जपानी गाड्यांच्या चौफुली स्क्रूची खाच नेहमीच्या फिलिप्सपेक्षा किंचित वेगळी असते. फिलिप्सचं टोक जोर लावला की वर उसळतं आणि खाच खाऊन टाकतं. जपानी मापाचं टोक मिळालं तर घ्या. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर पहिल्या पगारात घेतला तरी चालेल, पण तोपर्यंत घट्ट स्क्रूशी झटापट करू नका, मेस्ताला हाक मारा.

जाम बोल्टवर पेनेट्रेटिंग (गंजात मुरणारं) तेल मारून रात्रभर ठेवा. एक डबा सेटबरोबरच घ्या. सहा कोनांची गोटी आणि तेल मिळून गोव्यातला निम्मा त्रास वाचतो. गॅसने तापवायचं काम पेट्रोलच्या नळीजवळ कधीच नको.

मल्टिमीटर साधा चालतो. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४, एवढं मोजता आलं की चार्जिंगच्या तक्रारींची सुरुवात कळते. फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) घ्या. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट कसायचा पाना) महाग आहे, आत्ता गॅरेजचा वापरा. लहान कारचे व्हील नट साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरवर कसतात, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात बघा. टॉर्क रेंचने बोल्ट सोडवायचा नाही, आणि काम झालं की सेटिंग सगळ्यात खाली आणून ठेवायचं.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, गॅरेजात स्टँड नसतील तर ते गॅरेज बदला. डोळ्यांना चष्मा. गाडीखाली गंज थेट डोळ्यात पडतो.

पेटी पाच कप्प्यांची लोखंडी, कुलपासकट. आत तेलाचं फडकं. पावसात हत्यारं ओली तशीच आत टाकली तर सोमवारी लाल झालेली मिळतील, इम्पॅक्ट गनसाठीच्या काळ्या गोट्या तर सगळ्यात आधी. पुसायची, तेलाचा हात फिरवायचा, मग बंद. बिल जपून ठेवा, बदली मागताना लागतं. नाव कोरून घ्या, रंगाने लिहिलेलं टिकत नाही. गॅरेजमधून निघताना गोट्या मोजायच्या, आणि १० ची आधी, तीच सगळ्यात जास्त हरवते.