जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये टर्बो इंजिन कसं बसवावं

इंदुरात रामबागेपासून सुदामानगरपर्यंत काही मराठी घरांच्या दारात आजही ताडपत्रीखाली अ‍ॅम्बेसेडर उभी दिसते. आजोबांची गाडी, विकवत नाही. आणि जुनं इंजिन इतकं दमलेलं की बाहेर काढवत नाही. मग कोणीतरी सुचवतं की टर्बो इंजिन टाका, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याने जास्त हवा आत ढकलून जास्त ताकद देणारं. काम होण्यासारखं आहे आणि नीट झालं तर फार समाधानाचं आहे. पण इंजिन ही यातली शेवटची पायरी. आधी कागद, मग ब्रेक, मग रेडिएटर, आणि त्यानंतर इंजिन. हा क्रम उलटा केला की गाडी अर्धवट अवस्थेत गॅरेजच्या कोपऱ्यात अडकते.

कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम 182अ खाली, नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून इंजिनाचा बयाणा देण्याआधी नायता मुंडल्याच्या आरटीओत लेखी अर्ज करा आणि उत्तरही लेखीच घ्या. पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन टाकणार असाल तर इंधनही बदलतं, ते अर्जात स्पष्ट लिहा. परवानगी मिळाली नाही तर गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नका. ती खासगी जागेपुरतीच राहील. विमा कंपनीलाही आधी कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडतो.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर माझी कळकळीची विनंती आहे की तिला हात लावू नका. 2021 च्या नियमांनुसार अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते, पण इंजिन किंवा बॉडीत मोठा फेरफार नसेल तरच.

इंजिन कोणतं घ्यावं

अ‍ॅम्बेसेडर मागच्या चाकांवर चालते आणि इंजिन लांबीत बसतं. आजच्या छोट्या गाड्यांची टर्बो इंजिनं आडवी असतात आणि पुढची चाकं फिरवतात, त्यामुळे त्यांचा गियरबॉक्स इथे कामाचा नाही. लांबीत बसणारं इंजिन त्याच्या गियरबॉक्ससह शोधा. शेवरले टवेराचं इसुझू 2.5 लिटर टर्बो डिझेल हा एक पर्याय. ताकद साधारण 80 अश्वशक्ती, म्हणजे गाडीला झेपेल इतकीच. इसुझू आणि अ‍ॅम्बेसेडरचं नातं तर आपल्या शेजारचंच आहे: हिंदुस्तान मोटर्स पीथमपूरच्या कारखान्यात इसुझूची इंजिनं बनवत असे, आणि 1990 च्या दशकातल्या 1800 आयएसझेड या अ‍ॅम्बेसेडरमध्ये त्यांचंच 1.8 लिटर पेट्रोल इंजिन होतं. टर्बोचा हट्ट नसेल तर ते इंजिन सर्वांत सुटसुटीत, कारण ते कंपनीनेच या गाडीत बसवलेलं आहे.

भंगारातून इंजिन घेताना ते चालू करून बघा. टर्बोचा हवेकडचा पाइप काढून आतलं चाक बोटांनी हलवा: बाजूला किंचित हललं तर चालेल, पण आत-बाहेर सरकलं किंवा पाती हाउसिंगला घासलेली दिसली तर टर्बो गेलेला समजा. कॉमन रेल (संगणकाच्या ताब्यातलं डिझेल) इंजिन असेल तर ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक, पूर्ण वायरिंग, अ‍ॅक्सिलरेटर पेडल आणि चावीचा इमोबिलायझर एकाच गाडीतून उचला. एक तुकडा जरी सुटला तरी इंजिन सुरू होत नाही.

आधी ब्रेक

जुन्या अ‍ॅम्बेसेडरला चारही चाकांना ड्रम असतात. पुढे डिस्क आणि सर्वो (पायाचा जोर वाढवणारा) ब्रेक बसवा. नंतरच्या मॉडेलचे भाग मिळतात. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. पेट्रोल इंजिनात सर्वोला लागणारा व्हॅक्यूम (हवेची ओढ) इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे हवा आत नेणाऱ्या पाइपांतून मिळतो, डिझेलमध्ये तो मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि बऱ्याच डिझेल इंजिनांत तो अल्टरनेटरच्याच पाठीला असतो. त्याला तेलाच्या दोन नळ्या असतात. अल्टरनेटर दुसरा बसवला आणि पंप राहून गेला, तर पेडल दगडासारखं कडक होतं आणि गाडी थांबत नाही.

पुढच्या चाकांवरचं वजन धर्मकाट्यावर दोनदा मोजा, जुन्या इंजिनासह आणि नव्यासह. डिझेल इंजिन जड असतं. फरक जास्त निघाला तर पुढचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) नव्याने जुळवावे लागतात. या गाडीला वेगळी चेसिस नसते, सगळा भार पत्र्याच्या बॉडीवर येतो. मजला किंवा पुढचा क्रॉस मेंबर (इंजिनाखालचा आडवा आधार) गंजलेला असेल तर आधी डेंटरकडून नवा पत्रा टाकून घ्या.

मापं आणि फाउंडेशन

जुनं इंजिन चेनकुप्पीने उचलून काढा आणि रिकामी जागा स्वच्छ धुवा. आता नव्या इंजिनावरून अल्टरनेटर, टर्बो, मॅनिफोल्ड काढून नुसता ब्लॉक गियरबॉक्ससह आत सोडा आणि लाकडी ठोकळ्यांवर टेकवा. बॉनेट बंद होतं का, फायरवॉल किती दूर आहे, स्टिअरिंगचा दांडा टर्बोच्या बाजूला येतो का, हे पाहा. टर्बो लावून पुन्हा तपासा. इंजिन रबरावर डोलतं, म्हणून चहूबाजूंनी किमान 25 मिलिमीटर जागा मोकळी हवी.

सगळ्यात जास्त वेळ कोनावर द्या. गियरबॉक्सचा शाफ्ट आणि मागच्या डिफ्रंशियलचा पिनियन (त्यात शिरणारा दांडा) एकमेकांना समांतर हवेत. फरक एका अंशाच्या आत ठेवा. मोबाइलमधलं लेव्हल मापक इथे पुरतं, पण गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी असताना मोजा. कोन चुकला तर ठरावीक वेगाला संपूर्ण गाडी थरथरते आणि प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे मागे ताकद नेणाऱ्या दांड्याचे, क्रॉस (सांधे) लवकर जातात. कोन पक्का झाल्यावरच फाउंडेशनच्या (इंजिन ज्यावर बसतं त्या) पट्ट्या टाक्याने धरा, इंजिन काढा, आणि मग पूर्ण वेल्डिंग करा. वेल्डिंगआधी बॅटरी काढून ठेवा. शाफ्ट खरादवाल्याकडून लांबीला जुळवून बॅलन्स करूनच आणा.

टर्बोचं तेल

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल दाबाने आत येतं, पण परत जातं ते केवळ उताराने. परतीची नळी जाड हवी, खाली उतरती हवी, आणि चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) तेलाच्या पातळीच्या वर शिरायला हवी. अ‍ॅम्बेसेडरच्या क्रॉस मेंबरला इंजिनाचं चेंबर आपटतं, म्हणून ते कापून उथळ करतात आणि घोटाळा इथेच होतो. चेंबर बदललं की तेलाची पातळी वर चढते, परतीचं तोंड तेलात बुडतं, टर्बोत तेल साचतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. लोक टर्बो बदलतात आणि धूर तसाच राहतो. चेंबर कापलंच तर त्याला बाजूने रुंद करा, म्हणजे तेल तेवढंच मावेल, आणि तेल ओढणारी जाळीही त्या प्रमाणात सरकवा.

रेडिएटर आणि पाइप

इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. मूळ रेडिएटर पन्नासेक अश्वशक्तीच्या इंजिनासाठी होता, तेव्हा जास्त जाड जाळीचा रेडिएटर बनवून घ्या आणि पंख्याभोवती पत्र्याचं आवरण लावा. आवरणाशिवाय पंखा तीच हवा गोल फिरवत राहतो. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) लावणार असाल तर तो रेडिएटरच्या पुढे बसवा. त्याच्या पाइपांच्या टोकांना उंचवटा हवा, नाहीतर दाब वाढताच होज निसटतो. टर्बोजवळच्या ब्रेकच्या नळ्या आणि वायरी लांबून फिरवा, मध्ये पत्र्याची आड द्या. सायलेन्सरच्या पाइपात लवचिक जोड टाका. पेट्रोलची टाकी डिझेलसाठी आतून साफ करून घ्या. डिझेलला परतीची नळी आणि पाणी वेगळं करणारा फिल्टरही लागतो.

पहिली सुरुवात

टर्बोच्या तेलाच्या तोंडात हाताने थोडं तेल सोडा. मग डिझेल बंद ठेवून, थांबून थांबून, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत सेल्फ मारा. त्यानंतरच इंजिन सुरू करा आणि ते रिकामं चालू असताना प्रत्येक जोड टॉर्चने बघा.

परवानगीचा कागद हातात आला की आधी मोकळ्या रस्त्यावर चालवा. मग खंडवा रोडने भेरूघाटाकडे जा. परतीच्या चढावर पाण्याचा काटा स्थिर राहिला तर रेडिएटर पुरेसा आहे. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. एक-दोन मिनिटं रिकामं चालू द्या, नाहीतर टर्बोतलं तेल जळून तिथेच चिकटतं. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर फाउंडेशनचे बोल्ट, होजचे क्लॅम्प आणि मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळा. मॅनिफोल्डचे नट थंड इंजिनावर, मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे आवळायचे.