ऐतिहासिक मालिकेच्या शेवटच्या भागांवर चर्चा करताना

आधी ठरवा: कुठल्या भागापर्यंत बोलायचं? सगळ्यांनी शेवट एकाच दिवशी पाहिलेला नसतो. ‘डाउनटन ॲबी’ या ब्रिटिश मालिकेचा तिसरा सीझन ब्रिटनमध्ये २५ डिसेंबर २०१२ ला संपला, अमेरिकेत फेब्रुवारी २०१३ मध्ये. मधल्या काळात मॅथ्यू या मुख्य पात्राच्या मृत्यूची बातमी कित्येकांच्या कानावर आधीच पडली होती. म्हणून ऑनलाइन चर्चेच्या धाग्याच्या शीर्षकात फक्त भागाचा क्रमांक द्या, घटना नको. ‘धक्कादायक शेवट’ असं लिहिणंसुद्धा अर्धा स्पॉयलरच.

शेवटचे दोन भाग पुन्हा पाहा, पण त्याआधी सीझनचा पहिला भाग पाहा. सुरुवातीला पेरलेलं तिथेच सापडतं. मुद्दा मांडताना भाग, मिनिट आणि सेकंद लिहा. नाहीतर ‘तो असं म्हणालाच नव्हता’ यावरच वाद रंगतो.

कथेत दोन प्रसंगांच्या मधे किती काळ गेला हे कपड्यांवरून ताडता येतं. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये वरच्या वर्गातली विधवा साधारण वर्षभर निस्तेज काळ्या क्रेप कापडाच्या पोशाखात असे, मग साधा काळा, आणि शेवटी राखाडी किंवा फिकट जांभळा रंग. तिच्या अंगावर जांभळा दिसला, तर निदान दीड-दोन वर्षं उलटली असं धरा. पत्र किंवा वर्तमानपत्र दिसलं की पॉज करून तारीख वाचा. दोन्ही जुळत नसतील तर तारखेवर जास्त भरवसा ठेवा. पोशाख कधीकधी निव्वळ देखणेपणासाठी बदलतात.

पात्र अचानक मेलं, तर कलाकाराचा करार संपला होता का तेही बघा. मॅथ्यूचं काम करणाऱ्या डॅन स्टीव्हन्सने मालिका सोडली, म्हणून मॅथ्यू गेला. सगळा दोष लेखकाच्या माथी मारू नका.